डायलिसिस चालू असताना पुन्हा ऑफिस, पुन्हा कमाटीबाग: आठवडा कसा बांधायचा

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि अलकापुरीतल्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार दुपारी दोन ते सहा माझं डायलिसिस असतं, म्हणजे निकामी झालेल्या मूत्रपिंडांऐवजी यंत्रानं रक्त शुद्ध करून घेणं. सेंटरवर नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याचे दोनच प्रश्न असतात. "बेन, नोकरी सोडावी लागेल का?" आणि "चाललं तर चालेल का?" दोन्हीची उत्तरं सविस्तर लिहून ठेवते, कारण खुर्चीवर सुया टोचलेल्या असताना एवढं बोलणं होत नाही.

खाली जे आकडे आहेत ते सर्वसाधारण आहेत. तुमच्या नेफ्रोलॉजिस्टनी, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी, वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच खरं.

आधी आठवडा ओळखा

बरं वाटायला लागलं की माणसं एकदम पूर्ण वेळ ऑफिसला रुजू होतात, पहाटे उठून तासभर चालतात आणि पंधरवड्यात आडवी होतात. मग घरचे म्हणतात, "सांगितलं होतं ना, झेपणार नाही." झेपलं असतं, वेळ चुकली. डायलिसिसवरच्या माणसाच्या आठवड्यात काही तास फार चांगले असतात आणि काही तास अगदी वाईट. कोणते ते ठरलेलं असतं, फक्त ते आधी शोधावं लागतं.

आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस म्हणजे दोनदा एका दिवसाची सुट्टी आणि एकदा दोन दिवसांची. माझी ही लांब सुट्टी शनिवार संध्याकाळी सुरू होते आणि मंगळवारी दुपारी संपते. तिच्या शेवटाकडे अंगात पाणी साठलेलं असतं, पोटॅशियम वर गेलेलं असतं आणि हृदयावर सगळ्यात जास्त भार याच वेळी पडतो. म्हणून सोमवार संध्याकाळ आणि मंगळवार सकाळ मी जपून घालवते. दुसरी अवघड वेळ डायलिसिसनंतरची. चार तासांत दोन-दोन लिटर पाणी काढलेलं असतं, बीपी खाली आलेलं असतं, पायात गोळे येतात, डोकं हलकं होतं. त्या संध्याकाळी जेवायचं आणि झोपायचं. स्वतः ॲक्टिव्हा चालवत घरी येऊ नका, रिक्षा करा किंवा कुणाला तरी न्यायला बोलवा.

दोन आठवडे एक साधी वही ठेवा. सकाळी उठल्यावर वजन, बीपी आणि सकाळ-दुपार-रात्र अंगात त्राण किती, त्याला पाचपैकी गुण. माझ्या वहीतल्या दोन ओळी अशा होत्या:

"मंगळवार. वजन ५३.१. बीपी १५६/९०. सकाळी २, दुपारी डायलिसिस, रात्री १. पायाच्या घोट्यावर मोज्याचा वळ."

"बुधवार. वजन ५१.४. बीपी १३२/८०. सकाळी ३, दुपारी ४, रात्री ४. जिना एका दमात."

माझं कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं, ५१ किलो आहे. म्हणजे मंगळवारी मी दोन किलो पाणी अंगावर वागवत होते आणि बुधवारी मोकळी होते. अशा चौदा ओळी समोर ठेवल्या की तुमचे चांगले तास तुम्हालाच दिसतात. माझे निघाले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. अवघड काम, लांब चालणं, पाहुणे, सगळं मी त्या दिवसांना बांधलं. ही वही डॉक्टरांनाही दाखवा. "थकवा येतो" या वाक्यावरून त्यांना काही कळत नाही, या ओळींवरून पुष्कळ कळतं.

डॉक्टरांना काय विचारायचं

पहिलं, हिमोग्लोबिन. रक्ताच्या लाल पेशी तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडात बनतं. मूत्रपिंडं थकली की ते कमी पडतं आणि रक्त उतरतं. आपल्या आजारात हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवतात. ते आठवर असेल तर दोन जिने चढून धाप लागणारच, त्याला आळस म्हणू नका आणि घरच्यांनाही म्हणू देऊ नका. इंजेक्शन आणि लोह घेऊन ते वर आणायचं, मग व्यायाम वाढवायचा. माझ्या मते नोकरीला परतण्याची तारीख या एका आकड्यावरून ठरवावी.

बाकीचं: बीपी आणि पोटॅशियम आटोक्यात आहे का, हृदयाची इको कधी झाली, हाडांची अवस्था कशी आहे, मधुमेह असेल तर डोळे आणि पाय तपासले आहेत का. आणि सरळ विचारा, "मी किती वजन उचलू?" किलोत उत्तर घ्या.

ऑफिसात काय बोलायचं, काय लिहायचं

साहेबांना रक्ताच्या रिपोर्टमधला क्रिएटिनिनचा आकडा सांगून उपयोग नाही, त्यांना तास सांगा. तुम्ही कधी असाल, कधी नसाल आणि तुमच्यामुळे कुठलं काम अडणार नाही, एवढंच त्यांना हवं असतं. मी दिलेलं पत्र साधारण असं होतं. हवं तर उतरवून घ्या, तारखा आणि वेळा तुमच्या घाला.

"माझं आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी २ ते ६, डायलिसिस असतं. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मी १० ते ६ पूर्ण वेळ काम करू शकते. मंगळवारी आणि गुरुवारी १० ते १ येईन. शनिवारी येणं शक्य नाही. टीडीएस आणि जीएसटीची कामं माझ्याकडेच राहतील. शेवटची तारीख डायलिसिसच्या दिवशी आली तर काम आदल्या दिवशी पूर्ण करेन. डाव्या हातानं जड वस्तू उचलायला मला मनाई आहे. ही व्यवस्था तीन महिने करून पाहावी आणि त्यानंतर पुन्हा बोलावं, ही विनंती."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कायमची सवलत मागितली की माणसं बिचकतात, तीन महिन्यांना सहसा हो म्हणतात. आमच्या खात्यात ७ तारखेला टीडीएस भरायचं असतं, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं द्यायची असतात. महिन्याच्या सुरुवातीलाच मी कॅलेंडरवर डायलिसिसचे दिवस लाल आणि या तारखा निळ्या करते. लाल-निळं एकत्र आलं की ते काम एक दिवस अलीकडे ओढायचं. शनिवारचा माझा पगार कापला जातो आणि मी ते मान्य केलंय. डोक्यावर उपकार नको होते.

पत्र देण्यापूर्वी डायलिसिस सेंटरशी बोला. सकाळ, दुपार, रात्र अशा शिफ्ट असतात आणि नोकरीला सोयीची जागा लगेच मिळेलच असं नाही. पण सिस्टरना सांगून ठेवलं तर रिकामी झाल्यावर कळवतात. फिरतीची नोकरी असेल तर त्या गावातलं सेंटर आधी ठरवावं लागतं. तिथे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतात. त्यांची एक प्रत पर्समध्येच ठेवा.

हक्कांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत मूत्रपिंडाचा आजार नाही. त्यामुळे दाखल्याच्या भरवशावर राहू नका, बोलून व्यवस्था करून घ्या. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, असाल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, त्या कार्यालयातून अर्ज आणा. आणि आम्ही हिशेबवाले ज्याला ८०डीडीबी म्हणतो ती करसवलत: जुनी करपद्धत निवडली असेल तर मूत्रपिंड निकामी होण्याच्या उपचारखर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी नेफ्रोलॉजिस्ट किंवा युरोलॉजिस्टचं लेखी पत्रक लागतं. मेडिक्लेममधून परत मिळालेला पैसा त्यातून वजा होतो. मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा पत्रक दिवाळीच्या सुमारास मागून ठेवा.

डावा हात

ज्या हातात फिस्टुला आहे तो हात म्हणजे आपली नोकरी, आपला व्यायाम, सगळं. धमनी आणि शीर जोडून रक्ताचा मोठा प्रवाह तयार करायची ही युक्ती न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ साली जगापुढे मांडली. त्याआधी रोज-रोज सुया टोचायला जागा कुठून आणायची हाच प्रश्न होता. माझी डाव्या मनगटाच्या वर आहे. सकाळी चूळ भरायच्या आधी मी उजव्या हाताची तीन बोटं तिच्यावर हलकी टेकवते. बारीक थरथर लागली पाहिजे. लागली नाही, किंवा कालच्यापेक्षा फार मंद वाटली, तर ऑफिस सोडा आणि त्याच दिवशी सेंटरला फोन करा. गुठळी झाली असेल तर काही तासांत उपचार व्हावे लागतात.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण हे डॉक्टर सांगत नाहीत. त्या हातात बांगडी नको, घड्याळ नको. माझ्या सासूबाईंना रिकाम्या मनगटाचं फार वाईट वाटलं होतं. मग त्यांनीच तोडगा काढला, "दोन्ही हातांच्या उजव्या हातात घाल, तिथे किणकिणल्या की झालं." ब्लाउजची डावी बाही मी शिंप्याकडून दोन बोटं सैल करून घेते आणि आतल्या बाजूनं उघडून दोन हूक लावून घेते. त्यामुळे सुया लावताना बाही वर गुंडाळावी लागत नाही. गुंडाळलेली बाही म्हणजे दंडाला बांधलेली दोरीच. पर्स उजव्या खांद्यावर. खंडेराव मार्केटमधून भाजी आणताना पिशवी कोपरात अडकवायची आपल्याला सवय असते, ती डाव्या हातापुरती मोडा. दुपारी टेबलावर त्या हातावर डोकं ठेवून डुलकी नको. ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर आलं आणि कुणी बीपी घ्यायला किंवा रक्त काढायला तो हात पुढे करायला सांगितलं तर ठामपणे नाही म्हणा.

टेबलाच्या खणात जंतुरहित गॉझचं पाकीट आणि चिकटपट्टी ठेवा. टोचल्या जागेतून रक्त आलं तर बोटानं नेमक्या त्या ठिकाणी दाबून धरा, हात वर करा, दहा-पंधरा मिनिटं सोडून बघू नका. थांबत नसेल किंवा चिळकांडी उडत असेल तर दाबलेलं न सोडता १०८ ला फोन करायला लावा. शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाला हे आधीच शिकवून ठेवा. आमच्या ऑफिसात कॅशिअरबेनना मी शिकवलंय.

आणखी एक. या हाताला आराम द्यायचा म्हणजे निजवून ठेवायचं, असं नाही. जखम भरली आणि सर्जननी हो म्हटलं की मऊ रबरी चेंडू दाबणं, हलकं काम करणं त्याला चांगलंच असतं.

चालणं

जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांचं हे गाव. इथे जोर-बैठकांचं कौतुक जुन्या घराघरांत आहे. म्हणूनच कदाचित आपल्याकडे "हलका व्यायाम" म्हटलं की लोकांना तो व्यायामच वाटत नाही. आपल्यासाठी मात्र तोच खरा. डायलिसिसवर स्नायू झपाट्यानं झडतात. एकतर प्रत्येक वेळी थोडी प्रथिनं निघून जातात, आणि दुसरं म्हणजे माणूस बसून राहतो. मांड्या गेल्या की खुर्चीतून उठता येत नाही आणि मग नोकरी सुटते. रिपोर्ट फार बिघडल्यामुळे नोकरी सुटलेली माणसं मी कमी पाहिली, पायातली ताकद गेल्यामुळे सुटलेली जास्त.

सुरुवात घरात करा, पाच मिनिटं. खरंच पाचच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग नेहमीसारखं असेल तर पुढच्या वेळी एक मिनिट वाढवा. अंग मोडून आलं असेल तर तिथेच राहा. दहा मिनिटं सहज झाली की बाहेर पडा. मी सुरसागरच्या काठानं सुरुवात केली, कारण घरापासून जवळ आणि थकले तर लगेच रिक्षा. नंतर कमाटीबाग. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभी केली ती आपल्यासारख्यांसाठीच असं मला वाटतं: झाडांची सावली, सपाट रस्ते आणि जागोजागी बाकं. आधी बाकं हेरून ठेवा. एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत चालायचं, वाटलं तर बसायचं, पुन्हा उठायचं. फुलांच्या घड्याळापासून म्युझियमपर्यंत न बसता गेले त्या दिवशी मी घरी फोन केला होता.

वेग कसा ठरवायचा? चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर थोडं भरभर चाला. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर हळू व्हा. नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नका, बीपीच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम मंद ठेवतात. पहिली पाच आणि शेवटची पाच मिनिटं रमतगमत. चालणं अचानक थांबवलं की बीपी पडून गरगरतं.

जगभरातल्या नेफ्रोलॉजिस्टांच्या २०२४ च्या केडिगो मार्गदर्शिकेत आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि लगेच पुढे म्हटलंय की ज्याच्या हृदयाला आणि शरीराला जेवढं झेपेल तेवढं. ते पुढचं वाक्य विसरू नका. मी बुधवार, शुक्रवार आणि रविवारी नीट चालते, सोमवारी थोडंसं, डायलिसिसच्या दिवशी वाटलं तर सकाळी घरातल्या घरात.

उन्हाळ्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो. एप्रिल ते जून सात वाजायच्या आत घरी परत यायचं. आपल्याला पाणी मोजून मिळतं, घाम गाळून मग घटाघटा पिता येत नाही. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून टाका, बर्फाचा छोटा खडा चघळा आणि तोही दिवसाच्या पाण्यात मोजा.

ताकदीचा व्यायाम, घरात

एक खुर्ची घ्या, चाकांची नको. तिची पाठ भिंतीला टेकवा. पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. नाक गुडघ्यांच्या पुढे येईपर्यंत वाका आणि श्वास सोडत उभ्या राहा. आता मनात एक, दोन, तीन म्हणत हळूहळू खाली बसा, धपकन नको. खाली बसण्यातच खरा व्यायाम आहे. पाच वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा पाच. सुरुवातीला हात टेकवावे लागले तर टेकवा. महिन्याभरात बसमध्ये चढताना फरक कळतो.

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. भिंतीला हात टेकून उभ्यानं जोर काढा, फिस्टुलाच्या हाताबद्दल मात्र आधी विचारून. कशातही श्वास कोंडू नका, त्यानं बीपी चढतं. म्हणूनच कुंभक (श्वास रोखून धरणं), जोरकस कपालभाती, शीर्षासन, सर्वांगासन हे बीपीवाल्यांनी स्वतःच्या मनानं सुरू करू नये. अनुलोम-विलोम, श्वास न रोखता, चालतं. हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, तेव्हा उड्या नकोत.

डायलिसिस चालू असतानाही पहिल्या दोन तासांत पावलं वर-खाली करणं, गुडघा वाकवणं करता येतं. काही सेंटरांत पायांनी फिरवायची छोटी सायकलही असते. दोन तासांनंतर मात्र नको, तेव्हा बीपी उतरायला लागतं. आधी टेक्निशियनला सांगा आणि सुयांचा हात अजिबात हलवू नका.

अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून गोळी आणू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी उरलंसुरलं मूत्रपिंडही बिघडतं. प्रोटीन पावडर आणि क्रिएटिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, मग जिमवाला भाचा काहीही म्हणो.

बागेच्या दाराशी आणि ऑफिसच्या टेबलावर

चालून झालं की दाराशी नारळपाणीवाला उभा असतो आणि सोबतचे लोक प्रेमानं आपल्यासाठीही एक फोडायला सांगतात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके चुकतात आणि ते आधी सांगून येत नाही. भाज्यांचे रस, ताकदीची पेयं, फळांचे रस, सगळ्यांना तेच लागू. कमरख, ते पाच धारांचं आंबट फळ, हे तर पूर्ण वर्ज्य. त्यात मेंदूवर परिणाम करणारं विष असतं आणि आपली मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. उचक्या, गोंधळ, झटके, जीवही जाऊ शकतो. मधुमेह असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवा, कारण आपल्या आजारात इन्सुलिनचा परिणाम लांबतो आणि चालताना साखर अचानक उतरू शकते.

ऑफिसात खरी परीक्षा फरसाणाची. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, तोही स्वयंपाकातला धरून. सेव-उसळीच्या एका प्लेटनंतर त्यातलं फारसं काही उरत नाही. वर तहान लागते, तहानेनं पाणी, पाण्यानं वजन आणि मंगळवारी पायात गोळे. सैंधव हेही मीठच आहे. आणि बाजारातलं कमी सोडियमचं मीठ घेऊ नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. माझ्या डब्यात मुगाच्या डाळीचं धिरडं, दोन अंड्यांचं पांढरं, उकळून पाणी टाकलेली भाजी आणि लिंबाची फोड असते. डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात, किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम. डायलिसिस सुरू नसेल तर उलट, ०.८ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे माझा डबा बघून तुमचा ठरवू नका. चहासाठी मी घरून छोटी वाटी नेली आहे, सकाळी एक आणि चारला एक.

कधी थांबायचं

छातीत दुखणं किंवा दडपण, बसूनही न थांबणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित वाटणं, पाय अचानक लुळे पडल्यासारखे होणं: चालणं तिथेच सोडा आणि मदत मागा. शेवटचं लक्षण लोक थकवा समजतात, ते पोटॅशियमचंही असू शकतं. ताप असेल, डायलिसिस चुकलं असेल, वजन नेहमीपेक्षा फार वाढलं असेल किंवा बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही.

ज्यांचं डायलिसिस चालू नाही, किंवा वेगळं आहे

मूत्रपिंडाच्या आजाराच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असाल तर आठवडा जवळजवळ मोकळा आहे, नोकरी सोडायचा प्रश्नच येत नाही. फक्त अंगातलं पाणी आटू देऊ नका आणि रक्त तपासणीच्या आदल्या दिवशी दमछाक होईल असा व्यायाम नको, क्रिएटिनिन उगाच वर दिसतं. पोटाचं डायलिसिस, म्हणजे यंत्राऐवजी पोटात पिशवीतलं पाणी भरून केलेलं, करणाऱ्यांना ऑफिसात पिशवी बदलायला दार बंद होणारी, पंखा बंद करता येणारी स्वच्छ खोली लागेल. ती पत्रातच मागा. पोटात पाणी असताना जड उचलू नका, हर्निया होतो. प्रत्यारोपण झालेले बरेच जण दोन-तीन महिन्यांत कामावर जातात, पण सुरुवातीचे सहा-आठ आठवडे जड उचलणं नाही आणि पोटाला मार लागेल असे खेळ पुढेही नाहीत.

पावसाळा आणि नवरात्र

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक भागांतून बाहेर पडणंच अशक्य झालं होतं. पावसाळ्यात नदीची पातळी वाढायला लागली की ऑफिसचं नंतर बघा, आधी सेंटरला फोन करून पाळी एक दिवस अलीकडे घ्या. पाणी आणि पोटॅशियम नेहमीपेक्षाही कमी ठेवून एखादा दिवस कसा काढायचा, तो आहार डायटिशियनकडून जूनमध्येच लिहून घ्या आणि फ्रीजवर लावा.

नवरात्रात बडोद्यात राहून गरबा नाही, हे मला सुचवणाऱ्यांवर मी रागावते. खेळायचं, पण शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला, मोठ्या मैदानावरचा नाही. दोन टाळीचा सावकाश गरबा म्हणजे तालात चालणंच. बाहेरच्या वर्तुळात राहा, म्हणजे दमलं की बाजूला होता येतं. उड्या आणि गिरक्या सोडा. टिपऱ्या पूर्ण बंद, एक फटका फिस्टुलावर बसला तर महिनोन्‌महिने निस्तरत बसावं लागेल. मधुमेह असेल तर अनवाणी नको. डायलिसिसच्या रात्री फक्त आरतीला जा. उपासाचं म्हणाल तर साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे, बटाटे, रताळी, राजगिरा, सगळ्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरलेलं असतं आणि नऊ दिवस प्रथिनं तुटतात. उपास करायचाच असेल तर डायटिशियनना घटस्थापनेच्या आधी फोन करा आणि त्या सांगतील तेवढाच करा.